आजारपणानंतर घरात येणारी खोकी: कुठलं ठेवावं, कुठलं परत करावं

घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला, कुणाचं ऑपरेशन झालं किंवा कुणाच्या रिपोर्टात नको तो शब्द निघाला, की पंधरा दिवसांत दाराशी खोकी यायला लागतात. बीपीचं मशीन, नेतीचं भांडं, ज्यूसर, टोचऱ्या काट्यांची चटई, पावलं मोजणारं घड्याळ आणि चूर्णं-कॅप्सूलच्या तीन-चार बाटल्या. मागवणारा बहुधा आजारी माणूस नसतो, धास्तावलेली बाकीची मंडळी असतात. त्यामुळे निवड घाईची होते आणि माहितीपत्रक खोक्यातच राहतं.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सामानाच्या प्रकारांचं आहे. चांगल्या कंपनीची वस्तूही चुकीच्या मापाची घेतली किंवा चुकीच्या पद्धतीने वापरली तर नुसती अडगळ होते, आणि काही बाबतींत अडगळीपेक्षा वाईट.

बीपीचं मशीन

सगळ्यांत आधी हे घ्यावं. ते काहीच बरं करत नाही, पण बाकीच्या खोक्यांनी काय केलं ते सांगू शकतं. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीनच घ्या. मनगटावरचं मशीन दिसायला सुटसुटीत, पण मनगट हृदयाच्या पातळीच्या जरा वर-खाली झालं की आकडा फिरतो. बोटात घालायची मशीनं आणि बीपी दाखवणारी घड्याळं यांच्या भरवशावर गोळ्यांचे निर्णय होऊ नयेत.

आत काय होतं ते कळलं की चुका आपोआप टळतात. पट्टा फुगतो, दंडातली धमनी दाबली जाते. मग हवा हळूहळू सुटताना धमनीचे ठोके पट्ट्यातल्या हवेला हादरे देतात. हादरे सगळ्यांत मोठे असतात तो सरासरी दाब. वरचं आणि खालचं बीपी मशीन थेट मोजत नाही, हादऱ्यांच्या चढउतारावरून आपल्या सूत्राने काढतं. हे सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून ‘क्लिनिकली व्हॅलिडेटेड’, म्हणजे माणसांवर तपासून अचूक ठरलेलं, मॉडेल घेणं महत्त्वाचं. डब्यावर आयएसओ ८१०६०-२ या मानकाचा उल्लेख शोधा आणि व्हॅलिडेटेड मशीनांच्या ऑनलाइन यादीत नेमका मॉडेल नंबर पाहा. त्याच कंपनीचं शेजारचं मॉडेल यादीत नसू शकतं. ठोकेच अनियमित असतील (एट्रियल फिब्रिलेशन) तर सूत्राचा अंदाज डळमळतो. अशा रुग्णासाठी डॉक्टरांना विचारूनच मशीन घ्यावं आणि एका आकड्यावर कधीच थांबू नये.

आता पट्ट्याचं माप. परत येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ इथे असावं, असा माझा दाट संशय आहे. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतो, त्यापुढे मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. लहान पट्टा मोठ्या दंडावर बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा बांधला तेव्हा वरचं बीपी सरासरी जवळपास २० अंकांनी जास्त आलं. एवढ्या फरकात धडधाकट माणूस गोळ्यांवर जातो. हा दोष यंत्राइतकाच जुना आहे. इटालियन डॉक्टर रीव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये केलेला मूळ पट्टा अरुंदच होता, तो रुंद असायला हवा हे पाच वर्षांनी जर्मन डॉक्टर रेकलिंगहाऊझेन यांनी दाखवून दिलं.

बांधताना दंड उघडा हवा. बाही वर सरकवली आणि तिचा घट्ट पीळ झाला तर तोच दुसरा पट्टा होऊन बसतो, त्यापेक्षा हात बाहीतून काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने खाली येणारी. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. चार शिरली तर सैल, एकही शिरत नसेल तर घट्ट. पाठ टेकलेली, तळवे जमिनीवर, पायाची घडी नाही, हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी चारेक अंकांनी आणि नुसता लोंबता सोडला तर सहा-सात अंकांनी जास्त दिसतं. आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं. पाच मिनिटं गप्प बसावं आणि मोजताना तर अजिबात बोलू नये. मशीन घुरघुरतंय आणि शेजारी उभं राहून कुणीतरी ‘किती आलं, किती आलं’ विचारतंय, हे चित्र घरोघरी दिसतं. त्या विचारणाऱ्याला आधी बाहेर पाठवा.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. जिथे जास्त येतं तोच हात पुढे कायम, आणि फरक सातत्याने दहाच्या वर असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा. मग सात दिवस, सकाळी गोळ्यांच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, दोन मोजमापांत एक मिनिट. पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेलं बीपी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते जास्त धरतात. १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर दुसरं मोजमाप नाही, थेट इस्पितळ. तसं काही नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि तरीही तेवढंच आलं तर लगेच डॉक्टरांना फोन.

वहीबद्दल एक कुरकूर. मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहायचं आणि तोच वहीत लिहायचा, ही खोड फार जणांना असते. म्हणून मेमरी असलेलं आणि दोन माणसांचे आकडे वेगळे ठेवणारं मशीन घ्या. डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर मशीनही न्या, तिथल्या मशीनशी एकदा ताडून होतं. सेल उतरत आले की पट्टा अर्धवट फुगून एरर येते, नळीला तडा गेला तरी तेच. मशीन बिघडलं म्हणण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

लो सोडियम मीठ

खोकं लहान, काम मोठं. नेहमीच्या मिठातल्या सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ टक्के सोडियम, २५ टक्के पोटॅशियम असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूमागे एवढा भक्कम पुरावा नाही. पण हेच मीठ मूत्रपिंड अधू असलेल्याला धोक्याचं. पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही, रक्तात साचतं आणि हृदयाची लय बिघडवतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील तरी तेच, कारण त्या पोटॅशियम शरीरातच धरून ठेवतात. बायपास किंवा हार्ट अटॅकनंतर बऱ्याच जणांना यातलीच एखादी गोळी असते. तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून डॉक्टर ‘हो’ म्हणाले तरच. ते ‘नको’ म्हणाले तर साधं मीठच, फक्त दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. गुलाबी मीठ, खडे मीठ, समुद्री मीठ ही सोडियमच्या हिशेबाने साध्या मिठाचीच भावंडं आहेत. रंग बदलला म्हणून बीपी फसत नाही.

ज्यूसर

परत करा. खोकं उघडलं नसेल तर आजच. मंद फिरणाऱ्या ज्यूसरची जाहिरात सांगते की उष्णता होत नाही, म्हणून एन्झाइम शाबूत राहतात. राहोत बापडी, एन्झाइम म्हणजे प्रथिनंच, पोटात गेल्यावर पचूनच जातात. खरं नुकसान वेगळंच आहे: चोथा कचऱ्यात आणि साखर पेल्यात. फळ चावून खाल्लं तर एकावर थांबणारा माणूस रसाच्या रूपात चार फळं दोन मिनिटांत संपवतो. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ‘मोकळ्या साखरेत’, म्हणजे कमीच खावी अशा साखरेत धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. मधुमेह्याच्या घरात एवढं कारण पुरे. हिरव्या रसांचं आणखी एक: पालक, बीट यांत ऑक्झलेट हे मूत्रपिंडात साचू शकणारं द्रव्य भरपूर असतं आणि रोज पेलाभर रस घेतल्याने मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने पालेभाजीचा रस एकाएकी सुरू केला तर त्यातलं व्हिटॅमिन ‘के’ गोळीचा परिणाम कमी करतं. शिवाय ज्यूसरची ती बारीक जाळी. वापरल्यावर दहा मिनिटांत धुतली नाही तर ब्रशनेही निघत नाही असा थर बसतो. तिसऱ्या आठवड्यात यंत्र माळ्यावर जातं ते याच जाळीपायी.

चटई आणि घड्याळ

काट्यांच्या चटईवर पहिल्यांदा पातळ सुती कापड टाकून पाच मिनिटं, मग वाढवत पंधरा-वीस. पाठ गरम होते, काहींना डुलकी लागते. अवघडलेल्या पाठीला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, त्यापलीकडची आश्वासनं सोडून द्या. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. टोचलेलं कळत नाही किंवा टोचलेल्या जागी रक्त साकळतं.

पावलांच्या घड्याळातले दहा हजार हा काही वैद्यकीय आकडा नव्हे. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ होतं, तिथून तो रुळला. आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी चाल, की चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, हे माप जास्त कामाचं. ही शिफारस अर्थात धडधाकट प्रौढांची. हृदयाचं ऑपरेशन झालेल्याला सुरुवातीची मर्यादा डॉक्टर आखून देतात. वॉकर धरून चालणाऱ्यासाठी मनगटावरचं घड्याळ जवळपास निरुपयोगी. हात हलत नाही, पावलं मोजली जात नाहीत आणि कष्टाने चाललेला माणूस शून्य पाहून हिरमुसतो. त्यांनी घड्याळ घोट्याला बांधावं किंवा खिशात ठेवायचं मीटर घ्यावं.

नेतीचं भांडं

ऍलर्जीची सर्दी आणि जुनं सायनस यांवर मिठाच्या पाण्याने नाक धुणं खरोखर उपयोगी पडतं; डॉक्टरही सुचवतात. ‘डिटॉक्स’ किंवा ‘प्रतिकारशक्ती’ असं डब्यावर लिहिलं असेल तर तेवढं वाचू नका. भांडं स्टीलचं किंवा पारदर्शक प्लास्टिकचं घ्या. तांब्याचं दिसतं सुंदर, पण मिठाचं पाणी त्याला खातं, तोटीच्या आत हिरवट थर चढतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. तोटीचं टोक असं हवं की नाकपुडीत न रुतता ती बंद होईल. दाबायची बाटली सोपी वाटते, पण जोरात दाबली की पाणी कानाच्या नळीकडे शिरतं आणि कान दडतो.

सगळा खेळ मिठाच्या प्रमाणाचा: एक लिटरला ९ ग्रॅम. अडीचशे मिलिलिटरच्या भांड्यासाठी सव्वादोन ग्रॅम होतात आणि घरचा काटा तेवढं बारीक मोजत नाही. म्हणून लिटरभरच करा, स्वच्छ झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा, दिवसभरात संपवा, उरलेलं ओतून टाका. मीठ आयोडीन आणि गाठी न होण्याचं द्रव्य नसलेलं असावं. झोंबलं तर चिमूटभर खायचा सोडा. साध्या पाण्याने नाकात आग होते ती पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगतात म्हणून. मीठ जास्त झालं तरी आग होतेच, तेव्हा ‘झोंबलं म्हणजे लागू पडलं’ हे खरं नाही.

आणि पाणी. ते खळखळून किमान एक मिनिट उकळलेलं, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं, मग कोमट केलेलं हवं, किंवा डिस्टिल्ड. गाळणीचं म्हणजे निर्जंतुक नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरणारे दोघे जण नेग्लेरिया फाउलेरी या अमिबामुळे दगावले. हेच पाणी प्यायल्याने तो आजार होत नाही. नाकातून मात्र हा जीव वासाच्या मज्जातंतूंवरून मेंदूपर्यंत पोचतो. घटना अतिदुर्मिळ, पण त्यातून जवळपास कुणी वाचत नाही आणि टाळायला लागतं फक्त एक मिनिट उकळणं.

बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत. तोंड उघडं, श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीत तोटी लावून भांडं हळूहळू उचला. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग खालच्या नाकपुडीतून आधी थेंब आणि पाठोपाठ धार लागते. पाणी घशात उतरत असेल तर डोकं मागे गेलंय, पुढे घ्या. मध्येच बोललात किंवा गिळलंत तर ठसका ठरलेला. अर्धं भांडं या बाजूने, अर्धं त्या. मग तसंच वाकून, एकही नाकपुडी बंद न करता हलकेच शिंकरा. दोन्ही दाबून जोर लावला की पाणी कानात. झोपायच्या तोंडावर करू नका, अडकलेलं पाणी उशीवर येतं. नाक पूर्ण चोंदलेलं असताना, कानाला संसर्ग असताना, नाकाचं किंवा डोक्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना, किंवा केमोमुळे प्रतिकारशक्ती खालावलेली असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. भांडं धुऊन उपडं ठेवून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. ओलसर तोटीत काय वाढतं ते न सांगितलेलं बरं.

चूर्णं, अर्क, कॅप्सूल

या बाटल्यांचं परीक्षण चवीने किंवा ‘फरक पडला’ने करता येत नाही. आधी लेबल. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग (मूळ, पान, बी), अर्क असेल तर किती मिलिग्रॅम आणि कशाच्या किती टक्क्यांचा, बॅच नंबर, मुदत. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं गुप्त मिश्रण) असं लिहून दहा नावं आणि एकच एकूण वजन दिलं असेल तर बाटली परत. शिसं, पारा, आर्सेनिक यांच्या तपासणीचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि त्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्याशी जुळवून पाहा. बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा १४ मध्ये जड धातू सापडले होते. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांतही प्रमाण साधारण तेच, पाचातलं एक.

भेसळ नसली तरी प्रश्न उरतो तो गोळ्यांशी जुळण्याचा. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलंच जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपरिन घालतात. ते यकृताचं आणि आतड्याचं औषध निकामी करण्याचं काम मंदावतं. पण मंदावताना ते फक्त कर्क्युमिनला निवडत नाही, इतर गोळ्यांचीही रक्तातली पातळी वाढू शकते. स्वयंपाकातल्या चिमटीला यातलं काही लागू नाही. प्रश्न रोजच्या पाचशे-हजार मिलिग्रॅमचा आहे. अशा जोरदार कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, ग्रीन टीच्या अर्काच्या आणि अश्वगंधेच्याही आहेत. लघवी गडद, डोळे पिवळट, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं, यातलं काहीही दिसलं तर बाटली बंद आणि रक्ततपासणी. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वाढवू शकते, तेव्हा थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी विचारा. उदासीसाठी विकलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट यकृताला उलट जास्त कामाला लावतं: गर्भनिरोधक गोळ्या आणि प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन यांचा प्रभाव घटतो.

ज्येष्ठमध बीपीच्या घरात खास लक्ष ठेवण्याजोगं. त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं, मग कॉर्टिसोल हे संप्रेरक मीठ धरून ठेवायचा हुकूम देत राहतं. पोटॅशियम घसरतं, पाय सुजतात, बीपी चढतं. घशासाठी म्हणून रोज काढा पिणाऱ्याचं बीपी तीन आठवड्यांत का वाढलं, हे गोळ्यांच्या यादीत शोधून सापडत नाही.

इथे पहिलं खोकं कामाला येतं. नवीन काही सुरू करायचं तर एका वेळी एकच, आणि तेही डॉक्टरांना नाव सांगून. आधी वरच्या पद्धतीने एक आठवडा बीपी, मग ती वस्तू सुरू, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा एक आठवडा मोजमाप. दोन सरासऱ्या शेजारी लिहा. मधल्या काळात गोळ्यांचा डोस स्वतःहून बदलायचा नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कुणालाच कळणार नाही.

चालू उपचार सोडून या बाटल्यांवर जाण्याबद्दल एकच आकडा देतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठं आतडं यांचा, दूर न पसरलेला कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ अमेरिकी रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता.

बाटली ठेवायचीच ठरली तर तिच्या लेबलाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून रुग्णाच्या फायलीत लावा. ऑपरेशनची तारीख मिळाली की ते फोटो भूलतज्ज्ञांना दाखवा. वनस्पतींच्या कॅप्सूल साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, आणि आदल्या रात्री आठवण होऊन उपयोग नसतो.